तळघरात तीन फेज

माझ्या तळघरात एक सॉकेट बसवायचं होतं. एवढंच. पाच छिद्रांचं, लाल रंगाचं, तीन फेजचं एक सॉकेट. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे रस्ता खणणं, लिंडनच्या झाडाची मुळं, शेजाऱ्यांचा टॉवेल वगैरे जे काही येणार आहे त्यावरून मी वीजनिर्मिती केंद्र काढायला निघालो होतो असा कुणाचा समज व्हायला नको. मी विमा कंपनीत नोकरी करतो. घराच्या विम्याचे दावे माझ्या टेबलावर येतात, आणि ज्यांनी आपल्याच हाताने वायरिंग करून आपल्याच घराला आग लावली त्यांना ‘क्षमस्व’ असं सभ्य भाषेत कळवणं हे माझं काम आहे. त्यामुळे घरात पक्कड हातात घेण्याची मला सोय नाही. काही झालं असतं तर मलाच मला पत्र लिहावं लागलं असतं.

सुरुवात झाली ती आमच्या वेरेनाचं लग्न ठरलं तेव्हा. मुलगा क्विरिन गुणी आहे, त्याच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार त्याच्या वडिलांबद्दल आहे. डिप्पोल्डसाहेबांची स्वतःची ब्रुअरी आहे, आजच्या पिढीपर्यंत बापाकडून मुलाकडे आलेली, आणि दोन्ही घरचे पहिल्यांदा जेवायला बसलो ते अर्थातच त्यांच्याच खाणावळीत, त्यांच्याच बियरचे मग समोर ठेवून. भाजलेलं डुक्कर झालं, बटाट्याचे गोळे झाले, आणि मग लग्नाच्या आदल्या संध्याकाळचा विषय निघाला. त्या संध्याकाळी आमच्याकडे सगळं गाव जुनी कपबशी, फुलदाण्या, तडा गेलेली ताटं घेऊन नवरीच्या दाराशी येतं आणि ती दारात फोडतं. काचेचं काही फोडायचं नाही, ते अशुभ. फोडून झाल्यावर लोक नवरीच्या बापाकडे बघतात आणि नवरीचा बाप त्यांना प्यायला देतो.

“बियरची काळजी सोडा,” डिप्पोल्डसाहेब मिशी पुसत म्हणाले. “दोन पिंपं पाठवतो. तुम्ही आपलं बटाट्याचं सॅलड बघा.”

आता ते चांगल्या मनानेच म्हणाले होते. पण बटाट्याचं सॅलड? माझ्या मुलीचं लग्न, माझं दार, माझ्या दारात फुटणारी भांडी, आणि मी सॅलड बघू? त्यांच्याच बियरने माझी जीभ जरा सैल झाली होती.

“माझ्या दारात माझी बियर असेल,” मी म्हणालो. “मी घरीच करतो.”

टेबलाखाली गुडरूनने, म्हणजे माझ्या बायकोने, माझ्या पायावर पाय ठेवला. डिप्पोल्डसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. एखाद्या शिंप्याने गिऱ्हाइकाला ‘अरे वा, बटण स्वतः लावता?’ असं विचारावं तसे ते म्हणाले, “अरे वा. घरी करता?”

बस, त्या एका ‘अरे वा’साठी पुढचा सगळा हिवाळा गेला. जूनपर्यंत शंभर लिटर बियर करायची, आणि ती अशी की ती पिताना या माणसाच्या चेहऱ्यावरचं ते ‘अरे वा’ पुसलं गेलेलं मला दिसावं. दुसरं काही मला नको होतं.

खरं सांगायचं तर तोपर्यंत मी घरी बियर दोनदाच केली होती. पहिल्या वेळेची पिण्याजोगी होती. दुसऱ्या वेळी माल्टचं, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या बार्लीचं, पाणी उकळताना मी जरा फुटबॉलचा स्कोअर बघायला बाहेर गेलो, आणि परत आलो तेव्हा ते गोड चिकट पाणी विजेच्या शेगडीवरून, कपाटावरून, फरशीवरून वाहत फ्रीजखाली पोचलं होतं. गुडरूनने एक फडकं माझ्या हातात दिलं, आणि मी कपाट पुसून बाहेर पडताच स्वयंपाकघराचं दार आतून लावून घेतलं. त्या दिवसापासून स्वयंपाकघर हा माझ्यासाठी परका मुलूख झाला. मी तो निकाल मान्य केला. पुरुषाने काही गोष्टी मुकाट्याने मान्य कराव्यात.

म्हणून तळघर. मी एक छान स्टीलची मोठी टाकी आणली. ती स्वतः पाणी तापवते, पंपाने माल्टचं पाणी वरखाली फिरवते, वेळ झाली की शिटी देते. तिला एकच गोष्ट लागते, तीन फेजचं लाल सॉकेट. आमच्या तळघरात एक साधं सॉकेट होतं आणि ते वॉशिंग मशीनचं होतं.

जकात खात्याला कळवावं लागतं की आपण घरी बियर करणार आहोत. मी कळवलं. लगेच उत्तर आलं, ठीक आहे, मर्यादेत करा. दारूच्या बाबतीत सरकार माझ्याशी सौजन्याने वागलं हे नमूद करतो. अडचण झाली ती विजेची, आणि तिला कारण आमचे श्टेंगलसाहेब.

आमच्या गल्लीत भिंतीला भिंत लावून चार घरांची ओळ आहे. पहिलं घर श्टेंगलसाहेबांचं, तिसरं आमचं. श्टेंगलसाहेब नगरपालिकेच्या बांधकाम खात्यातून निवृत्त झाले, पण ते खातं काही त्यांच्यातून निवृत्त झालं नाही. पक्ष्यांसाठी टांगलेल्या दाण्याच्या पिशवीची उंचीसुद्धा ते टेपने मोजून सांगतात.

“तीन फेज?” ते कुंपणावरून म्हणाले. “तळघरात? वाइगलसाहेब, वीज कंपनीला विचारलंत?”

“वायरमनला बोलावणार आहे.”

“वायरमन बसवेल हो. पण बसवायची परवानगी आहे का, हे कोण सांगणार? लेखी विचारा. तोंडी उत्तर म्हणजे पाण्यावरची रेघ.”

आमच्या लोकांची ही जुनी खोड आहे. जगात इतरत्र माणूस आधी करतो आणि कुणी विचारलंच तर सांगतो. आम्ही आधी विचारतो, आणि विचारल्यामुळे जे उत्तर मिळतं ते पाळत बसतो. मीही त्यातलाच. शिवाय विम्यातला. छान दोन पानी पत्र लिहिलं, तळघराचा नकाशा जोडला, टाकीचं माहितीपत्रक जोडलं, आणि ‘हा मोठा बदल समजावा काय?’ असा नम्र प्रश्न शेवटी घातला.

उत्तर आलं की होय, समजावा.

त्याचा अर्थ मला वायरमन वोलराबने समजावला. वोलराब हा आमच्या भागातला सगळ्यात चांगला वायरमन आहे असं तो स्वतः सांगतो, आणि बाकीचे मिळतच नाहीत म्हणून ते खरं मानावं लागतं. तो ठरलेल्या दिवसाच्या पुढच्या आठवड्यात आला, त्याने आमच्या मीटरसमोर उभं राहून पत्र वाचलं, आणि मान हलवली.

“विचारलंत कशाला?” तो म्हणाला.

“नियमाप्रमाणे विचारलं.”

“अहो, मी एका सकाळी बसवून दिलं असतं. तेही नियमाप्रमाणेच झालं असतं. आता हा फळा बघा.” आमचं मीटर ज्या काळ्या फळ्यावर होतं तो घर बांधलं तेव्हापासूनचा होता. “जुना आहे, म्हणून चालत होता. कुणी हात लावत नाही तोवर कायद्याने त्याला संरक्षण. पण मोठा बदल करायचाय असं तुम्हीच सही करून कळवलंत. गेलं संरक्षण. आता नवीन मीटरपेटी. पेटीसमोर माणसाला सरळ उभं राहता आलं पाहिजे, म्हणजे हे कपाट इथून हलवा.”

ते कपाट गुडरूनच्या बरण्यांचं होतं. व्हिनेगरमधल्या काकड्या, प्लमचा मुरांबा, बीट, लाल कोबी. कपाटाला घरात दुसरी जागा एकच होती, आमची झोपायची खोली. त्या हिवाळ्यात आम्ही काकड्यांच्या सहवासात झोपलो. गुडरून झोपताना खिडकी उघडी ठेवायला लागली. बाहेर बर्फ होता.

पेटी बसवायच्या आधी वोलराबने तार कुठून येते ते शोधलं, आणि इथे प्रकरण माझ्या हातातून गेलं. आमच्या चारही घरांची वीज एकाच तारेने येते. ती रस्त्यावरून श्टेंगलसाहेबांच्या तळघरात शिरते, तिथून भिंतीतून दुसऱ्या घरात, तिथून आमच्याकडे, आणि पुढे चौथ्या घरात. माझ्या सॉकेटसाठी ती तार बदलायची तर चौघांची संमती हवी. लेखी, हे सांगायला नको.

म्हणून मी सगळ्यांना रविवारी कॉफीला बोलावलं. गुडरूनने चीजकेक केला. श्टेंगलसाहेब टेप घेऊन आले. दुसऱ्या घरातल्या केर्नबाई आल्या, त्या शाळेत चित्रकला शिकवतात आणि बोटांना कायम माती लागलेली असते. चौथ्या घरातून डॉक्टर आक्सू आल्या, दातांच्या. त्या दारू पीत नाहीत हे मला माहीत होतं, म्हणून मी जरा संकोचत होतो.

“बियर तुमची, पण तार सगळ्यांची ना?” डॉक्टर आक्सू केकचा तुकडा तोडत म्हणाल्या. “मग माझी गाडी घरी चार्ज करता येईल. सध्या दवाखान्याच्या मागे जाऊन भिकाऱ्यासारखी उभी राहते मी.”

“आणि माझी भट्टी,” केर्नबाई म्हणाल्या. “मातीची भांडी भाजायची. घेऊन ठेवलीय, पण लावली की दिवे मंद होतात. वाइगल, किती चांगलं केलंत हो तुम्ही हे. बियरमध्ये जरा जायफळ घालता का? माझे आजोबा घालायचे.”

पाणी, माल्ट, हॉप्सची कडू फुलं आणि यीस्ट. याव्यतिरिक्त बियरमध्ये काही घालणाऱ्याला आमच्या भागात लोक रस्ता ओलांडून टाळतात. श्टेंगलसाहेबांनी कप खाली ठेवला. मी विषय बदलला आणि विचारलं, “श्टेंगलसाहेब, तुम्हाला काही लागणार आहे का?”

“मला?” ते म्हणाले. “छे. किरकोळ लिहा.”

मी किरकोळ लिहिलं. माझ्या त्या योजनेत चार घरं होती, प्रत्येकाच्या नावापुढे त्याची गरज होती, आणि योजना मांडणारा मीच असल्यामुळे सभ्यपणा म्हणून मी आपलं नाव शेवटी ठेवलं आणि त्यापुढे ‘उरलेलं’ असं लिहिलं. सगळ्यांनी माझं कौतुक केलं. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. ऑफिसात कुणी माझं असं कौतुक करत नाही.

चौघांची गरज जोडल्यावर वीज कंपनीने कळवलं की रस्त्यातलीही तार बदलावी लागेल. रस्ता खणायला नगरपालिकेची परवानगी. ती मिळाली, पण रस्त्याच्या कडेला लिंडनचं झाड आहे आणि त्या झाडाला माझ्यापेक्षा जास्त हक्क आहेत. त्याच्या मुळांना धक्का लागू नये म्हणून शहरातून एक तज्ज्ञ बाई आल्या. त्यांनी झाडाला कान लावला, सालीवरून हात फिरवला आणि सांगितलं की झाडाभोवती यंत्र चालवायचं नाही, हातानेच खणायचं. हाताने खणायला माणसं मिळाली, तर जमीन गोठलेली. जमीन सुटली, तर माणसं दुसऱ्या कामावर. या काळात गल्लीतून जाणारा प्रत्येक जण खड्ड्याशी थांबून मला विचारायचा, “वाइगल, हे सगळं बियरसाठी?” आणि मी प्रत्येकाला सांगायचो की नाही, हे एका सॉकेटसाठी आहे. त्याने समजूत पटत नसे.

मध्ये एकदा डिप्पोल्डसाहेबांचा फोन आला. लग्नाच्या पाहुण्यांबद्दल बोलणं झाल्यावर ते म्हणाले, “आणि तुमची ती घरची बियर? झाली का सुरू?”

“चालू आहे,” मी खड्ड्याकडे बघत म्हणालो.

“पिंपं तयार ठेवतो मी. लाजू नका.”

मी लाजत नव्हतो. मी संतापलो होतो. पण फोनवर व्याह्यांशी संतापता येत नाही, म्हणून मी त्यांच्या पत्नीच्या तब्येतीची चौकशी केली.

अखेर वसंतात सगळं झालं. जाड नवी तार आली, पांढरीशुभ्र मीटरपेटी आली, आणि तळघराच्या भिंतीवर माझं लाल सॉकेट बसलं. मी ते फडक्याने पुसलं. तपासणीला वीज कंपनीची एक तरुण इंजिनियर बाई आली. तिने सगळीकडे मीटर लावून बघितलं, समाधानाने मान हलवली, आणि मग तिला टाकी दिसली.

“हे काय?”

“बियरची टाकी. या सॉकेटवर चालणार.”

तिने टॅबलेटवर बोट फिरवलं. “मंजुरीत नाहीये. गाडी आहे, भट्टी आहे, पहिल्या घराचं किरकोळ आहे.”

“माझ्यापुढे ‘उरलेलं’ लिहिलंय ना.”

“हो. पण उरलेलं काही नाहीये.”

मी तिला सांगायचा प्रयत्न केला की या सगळ्याचा मूळ पुरुष मी आहे, ही तार माझी आहे, हा खड्डा माझा आहे. ती अतिशय सौजन्याने ऐकून घेत होती. मग तिने सॉकेटवर एक सील लावलं आणि नव्याने अर्ज करायला सांगितलं, सप्टेंबरपर्यंत होऊन जाईल. एकाच वेळी दोन मोठी यंत्रं चालू नयेत म्हणून चार घरांचं एक वेळापत्रकही करायला सांगितलं. ते श्टेंगलसाहेबांनी आनंदाने केलं आणि चारही दारांवर चिकटवलं. त्यात सगळ्यांचे वार होते. माझा वार नव्हता.

लग्न जूनमध्ये. बियर मुरायला काही आठवडे तरी हवेत. मी सील केलेल्या सॉकेटसमोर उलट्या बादलीवर बसलो. मला रडू यायचं बाकी होतं. डिप्पोल्डसाहेबांची पिंपं माझ्या दारात उतरताना मला दिसत होती, आणि त्यांच्याशेजारी मी, सॅलडचं भांडं घेऊन उभा.

गुडरून बरणी शोधायला खाली आली, मग तिला आठवलं की बरण्या वर आहेत. ती जिन्याच्या शेवटच्या पायरीवर बसली.

“काय झालं?”

मी सांगितलं. तिने ऐकलं आणि म्हणाली, “शेगडीला पण तीन फेजच आहे ना?”

“आहे. सगळ्यांच्याच शेगडीला असते.”

“मग वोलराब तिथे तुझं ते लाल काय ते लावून देणार नाही का? तुझी टाकी चालेल तेवढा दिवस शेगडी बंद.”

“देईल. पण स्वयंपाकघर तू बंद केलंस.”

“मी फ्रीजखालची फरशी पुसत होते म्हणून दार लावलं होतं, लोथार.”

“दीड वर्षं?”

“दुपारभर. त्यानंतर तूच आत आला नाहीस. मला वाटलं, तुला पुसायला लावलं म्हणून रुसलास. मग तळघराचं खूळ सुरू झालं. म्हटलं, करू दे.” मग तिचा आवाज चढला, गेल्या कित्येक महिन्यांत पहिल्यांदाच. “वीज कंपनीला विचारलंस. नगरपालिकेला विचारलंस. जकातवाल्यांना विचारलंस. त्या झाडाला विचारलंस. सगळं लेखी. मला तोंडी विचारायला काय झालं होतं? मी काकड्यांच्या वासात झोपतेय रे हिवाळाभर.”

मला फार वाईट वाटलं आणि त्याच वेळी फार आनंद झाला, आणि या दोन्ही गोष्टी एकदम झाल्या की माणूस चेहऱ्याचं काय करावं ते न कळून नुसता बसून राहतो. मग मी उभा राहिलो आणि विचारलं, तोंडी. ती हो म्हणाली. फुटबॉल असला तरी उकळी फुटेपर्यंत भांड्यापासून हलायचं नाही, या अटीवर.

वोलराबने दुसऱ्याच दिवशी शेगडी सोडवून तिथे सॉकेट बसवलं, सही केली आणि जाताना म्हणाला, “कुणाला विचारू नका आता.”

शनिवारी सकाळी टाकी स्वयंपाकघरात चढली. पाणी तापलं, माल्ट पडलं, घरभर गोड पावासारखा वास पसरला. गुडरून स्टुलावर बसून पाव आणि थंड सॉसेज कापत होती, कारण शेगडी नसल्यामुळे जेवण तेच होतं. माल्ट गाळून झालं. टाकी उकळीला आली, फेस चढायला लागला, मी हॉप्सची पहिली मूठ हातात घेतली, आणि सगळं बंद पडलं. टाकी, फ्रीज, दिवे, पंप, सगळं. गुडरूनने माझ्याकडे बघितलं.

“मी काही केलं नाही,” मी म्हणालो.

बाहेर आलो तर केर्नबाईही बाहेर, हात मातीचे. डॉक्टर आक्सूही बाहेर, गाडीची जाड वायर हातात. ओळीतल्या चारही घरांची वीज गेली होती. मुख्य खटका पडला होता आणि तो असतो श्टेंगलसाहेबांच्या तळघरात.

“आज भट्टीचा वार,” केर्नबाई म्हणाल्या. “माझाच. वेळापत्रकात बघा.”

“मी फक्त थोडीशी चार्ज करत होते,” डॉक्टर आक्सू म्हणाल्या. “दुपारी बांबर्गला जायचंय. भट्टीने आणि माझ्या गाडीने एवढं होत नाही, मी आधी करून बघितलंय.”

म्हणजे गुन्हेगार मी. वेळापत्रकात ज्याचं नावच नाही तो. आता श्टेंगलसाहेब टेप आणि नियम घेऊन येणार. घरात उकळी थंड होत होती, आणि अर्धवट उकळलेल्या माल्टचं काय होतं ते मी पुस्तकात वाचलं होतं. मी त्यांचं दार ठोठावलं. बराच वेळ कुणी आलं नाही. मग दार उघडलं.

श्टेंगलसाहेब दारात उभे होते ते कमरेला टॉवेल गुंडाळून. अंग लालबुंद, कपाळावरून घाम वाहतोय, आणि मागून निलगिरीचा वास आणि गरम वाफ येत होती.

केर्नबाईंनी वर झाडाकडे बघितलं.

“सौना?” डॉक्टर आक्सूंनी विचारलं.

“लहान आहे,” श्टेंगलसाहेब म्हणाले.

“हेच का ते किरकोळ?”

“पाठीसाठी घेतलीय. डॉक्टरांनीच सांगितलं.”

“मी सांगितलं नाही.”

“तुम्ही नाही. दुसऱ्या.”

“आणि आज तुमचा वार आहे?” मी विचारलं. मला त्या क्षणी जो आनंद झाला तो मी लपवला नाही, आणि लपवायला हवा होता असं मला आजही वाटत नाही.

श्टेंगलसाहेब आत गेले, सौना बंद केली आणि खटका वर केला. डॉक्टर आक्सूंनी गाडीची वायर काढली. केर्नबाई जरा घुटमळल्या, कारण भट्टीत वेरेनासाठी केलेले मातीचे मग होते आणि मध्येच भट्टी थांबली तर ते तडकण्याची भीती. मी म्हणालो, भट्टी चालू द्या, मी थांबतो. त्या म्हणाल्या, मूर्खपणा करू नका, बियरच नसेल तर त्या मगांतून पिणार काय? शेवटी भट्टी आणि टाकी दोघीच चालू ठेवायच्या असं ठरलं, आणि तिसरं कुणी काही लावू नये म्हणून सगळे आमच्याच स्वयंपाकघरात येऊन बसले, एकमेकांवर लक्ष ठेवायला. श्टेंगलसाहेब झगा घालून आले, घड्याळ हातात धरून, आणि हॉप्सची प्रत्येक मूठ केव्हा टाकायची ते सांगत राहिले. त्यांनी एकही सेकंद इकडचा तिकडे होऊ दिला नाही. पुढच्या शनिवारी दुसरी खेपही अशीच झाली, पाव, थंड सॉसेज आणि डॉक्टर आक्सूंनी आणलेले द्राक्षाच्या पानांत भात भरलेले डोलमे खात.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या दारात फरशी दिसेनाशी झाली. गावाने घरातली सगळी नकोशी भांडी आमच्याकडे आणली. केर्नबाईंनी शाळेतल्या मुलांनी बिघडवलेल्या फुलदाण्या पोत्याने आणल्या. डिप्पोल्डसाहेब गाडीतून उतरले, त्यांनी एक मोठं सूपचं भांडं सन्मानाने आपटलं आणि मला हळूच म्हणाले, “पिंपं गाडीतच ठेवलीत. लागली तर सांगा.”

मी त्यांच्या हातात माझ्या बियरचा मग दिला. त्यांनी मग उजेडाकडे धरला, वास घेतला, एक घोट घेतला, तो तोंडात फिरवला.

“हं,” ते म्हणाले.

एवढंच. हिवाळाभराच्या खटाटोपाला एक ‘हं’. मी पुढचं काही बोलतील म्हणून वाट बघत होतो. ते बोलले, पण भलतंच.

“तुमच्या गल्लीत नवीन तार आलीय म्हणे? माझी ब्रुअरी वाढीव जोड मागतेय दोन वर्षं. अर्ज पडून आहे. तुम्हाला एका हिवाळ्यात कशी मिळाली? आणि ते झाड मध्ये असताना?”

मी त्यांना तळघरात नेलं. खरं तर अपमान गिळायला म्हणूनच नेलं, पण मीटरपेटीचं दार उघडल्यावर माझं मला कळेना काय झालं. मी बोलायला लागलो. पत्र कसं लिहावं, कुठला प्रश्न विचारू नये, मुळांच्या तज्ज्ञ बाईंना आधी भेटावं की नगरपालिकेला, अर्थिंग कसं घेतलं, ‘उरलेलं’ हा शब्द अर्जात कधीच का लिहू नये. डिप्पोल्डसाहेब ऐकत होते, मध्येच विचारत होते, एकदा वर जाऊन आले, थोड्या वेळाने पुन्हा जाऊन आले, परत विचारत होते. आयुष्यात मी इतकं मन लावून ऐकणारा माणूस बघितला नव्हता. शेवटी त्यांनी माझा खांदा धरला आणि म्हणाले, “लोथार, लग्न झालं की माझ्याकडे ये. माझा अर्ज तू लिही.” मला त्यांनी अरे-तुरे केलं होतं. मी तरंगत वर आलो.

पाहुणे पांगले होते. वेरेना आणि क्विरिन रिवाजाप्रमाणे खापऱ्या झाडत होते. मी वेरेनाजवळ गेलो.

“आपल्या बियरच्या पिंपाचं बघितलंस का, पपा?” ती म्हणाली.

“उरलंय बरंच?”

“रिकामं आहे. शेवटी तर तिघेच प्यायला उरले होते, आणि माझे सासरे मोठा जग भरभरून खाली नेत होते. क्विरिन म्हणतो, बाबांना दुसऱ्याची बियर पिताना त्याने कधीच पाहिलेलं नाही. त्यांची स्वतःची पिंपं अजून गाडीत आहेत.”

मी तिच्याकडे बघत राहिलो. याच एका गोष्टीसाठी मी रस्ता खणला होता.

“कधी नेला जग?”

“खालून तुझं मुळांचं ऐकू येत होतं तेव्हा एकदा. अर्थिंगच्या वेळी पुन्हा.”

“मग पिताना चेहरा कसा होता गं?”

तिने झाडू थांबवला. “मला कसं माहीत असणार, पपा? तुझ्याच समोर उभे राहून पीत होते.”